नळाची पाळी

“काऊन वं, तुझीच बादली काय सोन्याची हाये?” कुसुमने आपली घागर नळाखाली सरकवली.

“सोन्याची नसेल, पण रांगेतली आहे!” म्हणत शशिकलेने ती घागर पायाने बाजूला लोटली.

झालं! भांडण रोजचंच, पण पाण्याच्या घागरीला पाय? कुसुम रिकामी घागर उचलून तडक निघून गेली.

भोपाळची, सोनागिरीच्या अंगाची कारखान्याची टाउनशिप ती. उन्हाळा लागला की क्वार्टरांतले नळ नुसते सुस्कारे टाकत आणि समोरासमोरच्या दोन लायनींना मधला एकच सार्वजनिक नळ उरे. पुण्याची शशिकला आणि नागपूरची कुसुम तिथे सकाळी भांडत नि दुपारपर्यंत गोड होत. विरजणाची देवघेव, सासरची गाऱ्हाणी, सगळं त्या नळावरच. अख्ख्या भोपाळात शशिकलेला जिवाभावाचं माणूस तेवढं एकच होतं. त्या दिवशी ती घरी येऊन हमसून हमसून रडली.

तिचा नवरा नरहर कारखान्याच्या प्लॅनिंगमध्ये. निर्णयशास्त्राचा कोर्स नुकताच करून आलेला, त्यामुळे अडचण दिसली की तक्ता मांडायला त्याचे हात शिवशिवत. त्याने दोन्ही लायनींतल्या पुरुषमंडळींना ओट्यावर बसवलं. घरात माणसं किती, तान्ही मुलं किती, पहाटेची ड्यूटी कुणाची. कशाला किती वजन द्यायचं ते सगळ्यांनी मिळून ठरवलं. गुण मांडले, बेरीज झाली. कुसुमच्या लायनीला सकाळ आणि नरहरच्या लायनीला संध्याकाळ. स्वतःची गैरसोय झाली तरी पठ्ठ्याने आकडा हलवला नाही.

“वाह नरहरबाबू, झगडा ही खतम!” मंडळी खूश झाली.

आणि खरंच की हो, भांडण मिटलं! नरहर कॉलर ताठ करून फिरू लागला. घरात शशिकला मात्र दिवसेंदिवस गप्प होत गेली.

“आता काय झालं? भांडण नको होतं ना तुला?” त्याने एकदा वैतागून विचारलं.

“अहो, तुमच्या तक्त्यात तान्ही मुलं घातलीत, ड्यूट्या घातल्यात. आम्हा दोघींना कुठे घातलंत?”

“मग जा की तिच्या घरी!”

“कुठल्या तोंडाने जाऊ? नळावर गेलं की रुसवा आपोआप निघायचा. तिथे जायला निमित्त लागायचं नाही.”

नरहर एवढा हुशार माणूस, पण एवढी साधी गोष्ट त्याच्या ध्यानात आली नव्हती. त्याला फार वाईट वाटलं.

उन्हाळा सरायच्या आतच कुसुमच्या नवऱ्याची हैदराबादला बदली झाली. सामानाचा ट्रक दारात लागला त्या सकाळी शशिकला बादली घेऊन सरळ नळावर गेली. सकाळची रांग कुजबुजली, “अरे, इनका टाइम तो शाम का है!” तक्ता करणाऱ्याचीच बायको पाळी मोडतेय म्हटल्यावर सगळे ट्रकमध्ये सामान चढवायला आलेल्या नरहरकडे बघू लागले. तिला परत बोलवावं म्हणून तो दोन पावलं पुढे झाला आणि थांबला.

“काऊन आली वं?” नळाशी उभ्या कुसुमने विचारलं. “तुझी पाळी संध्याकाळी हाये नं?”

“माहीत आहे. भांडायला आलेय.”

“मंग भांड नं.”

शशिकलेने आपली बादली नळाखाली सरकवली. कुसुमने तिचा हात घट्ट धरला. बादली भरून पाणी दोघींच्या पायांवरून वाहत होतं, रांग ताटकळली होती, आणि नळ बंद करा असं कुणीच म्हणत नव्हतं, नरहरसुद्धा नाही.