खरवडलेलं गाव

मी एक जुनी सुरी आहे, मित्रांनो. भाजी चिरायची नव्हे, अक्षरं खरवडायची. आमच्या काळी वासराच्या कातड्याच्या पानांवर लिहीत, आणि चूक झाली तर खोडायला तुमच्यासारखं रबर नव्हतं. माझं पातं हलक्या हातानं फिरवायचं, की शाईची भुकटी होऊन पान कोरं व्हायचं.

उत्तर समुद्राकाठी एका लोहारानं मला मोडक्या विळ्यातून घडवलं. तिथल्या मठात ब्रदर सिब्रांडच्या मेजावर माझी उमेदीची सारी वर्षं गेली. जगात काय काय घडलं ते तो एका जाड पुस्तकात लिहायचा. वर्षाला एक पान, हा तिथला नियम. मला तो "माझी गुणाची पोर" म्हणायचा, आणि मीही फुशारून जायचे. कुणाचं काय खरवडतेय, हा विचार मी कधी केलाच नाही.

मग १३६२ साल उजाडलं. जानेवारीतच समुद्रानं बांध फोडले. चार दिवसांनी सिब्रांडची धाकटी बहीण इम्के होडीतून मठात आली. एकटीच. तिचा नवरा उब्बो, तीन मुलं आणि ओस्टरवार्फ हे सगळं गाव पाण्याखाली गेलं होतं. पुरायला एक देहसुद्धा हाती लागला नव्हता.

"दादा, थडगं नाही, क्रूस नाही," ती म्हणाली. "निदान तुझ्या पुस्तकात तरी त्यांना जागा दे रे. नाव कुठंच उरलं नाही, तर प्रार्थनेत त्यांना कोण आठवणार?"

सिब्रांडनं त्या वर्षाचं पान उघडलं. ती सांगत गेली, तो लिहीत गेला.

"म्हातारी घेस्के लिही. भांडकुदळ होती मेली, पण लिही. तिच्यावाचून गाव कसलं!"

इम्केच्या धाकट्या लेकीचं, तालकेचं नाव लिहिताना सिब्रांडचं अक्षर बिघडलं. ते मी साफ करून दिलं, त्यानं पुन्हा नीट लिहिलं. एक्केचाळीस नावं झाली. इम्केला वाचता येत नव्हतं, तरी ती किती तरी वेळ पानाकडे बघत बसली.

वर्ष काही थांबलं नाही. इंग्लंडात वादळानं देवळांचे मनोरे पाडले. महामारी पुन्हा आली, आणि या खेपेला ती लहान मुलांनाच जास्त उचलत होती. हेलसिंगबोर्गपाशी डेन्मार्कच्या राजानं व्यापारी शहरांच्या आरमाराची दाणादाण उडवली. सिब्रांडनं हे सगळं नावांच्या खाली बारीक अक्षरात दाटीवाटीनं बसवलं. पान भरलं.

ऑक्टोबरात बातमी आली, की जुने पोप वारले आणि अर्बन हे नवे पोप झाले. मठाधिपती धावतच आले.

"अरे सिब्रांड, आपल्यासारख्याच एका मठाचा अधिपती पोप झालाय! लिही, मोठ्या अक्षरात लिही!" मग त्यांनी पान पाहिलं. "आणि हे काय मांडलंयस? लग्नाचं बोलावणं आहे का हे, घरोघरची नावं घ्यायला?"

"माझं गाव आहे ते, बाबा. एखादं जास्तीचं पान जोडू या का?"

"कातडं कुठून आणशील? वासरं तर सगळी बुडाली. 'पुरात पुष्कळ माणसं गेली,' एवढं बास झालं. खरवड ते."

सिब्रांडनं मला उचललं. मित्रांनो, मी खूप धारदार होते, याची मला आजही लाज वाटते. घेस्के गेली. उब्बो गेला. सिब्रांडच्या डोळ्यांतलं पाणी पानावर पडू नये म्हणून तो मान वळवून खरवडत होता. तालके शेवटी गेली. तिथंच त्यानं लाल शाईनं पोपचं नाव लिहिलं.

नोव्हेंबरात, मृतांसाठी प्रार्थना करायच्या दिवशी, इम्के आली. "दादा, वाचून दाखव ना." सिब्रांडला खरं बोलवेना. 'पुरात पुष्कळ माणसं गेली' या नव्यानं लिहिलेल्या ओळीवर बोट फिरवत त्यानं एक्केचाळीस नावं तोंडपाठ म्हटली.

"आणि तालके कुठली?"

त्यानं तिचं बोट धरून लाल अक्षरांवर ठेवलं.

"अगंबाई, लाल शाई! माझ्या पोरीला?" इम्के रडता रडता हसली. तिनं त्या अक्षरांचं चुंबन घेतलं.

पुढच्या उन्हाळ्यात सिब्रांड तापानं गेला. मृतांच्या दिवशी इम्के पुन्हा आली, तेव्हा मेजापाशी नवा ब्रदर होता. तिनं आपण होऊन पानावर बोट ठेवलं. "ही माझी तालके."

"नाही बाई," तो सरळपणे म्हणाला. "हे पोप अर्बन."

"नीट बघा की! लाल शाईतलं."

"नीटच बघतोय. या पानावर तालके नाही."

"उब्बो? घेस्के?"

त्यानं पान दोनदा वाचलं आणि मान हलवली. इम्केनं विचारलं, "मग माझी पोर गेली कुठं?"

ब्रदरला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. मी हातभर अंतरावर पडले होते, आणि मला तोंड नव्हतं. ती गेली, ती पुन्हा त्या मठात आली नाही.

आज माझी मूठ गळून पडली आहे, पात्याला गंज चढला आहे. मला कुणी घासूनपुसून ठेवावं, असं माझं मागणं नाही. तुमच्या हाती रबर आहे, मित्रांनो. काहीही खोडण्याआधी ते एकदा मोठ्यानं वाचा. आणि ते एखाद्या माणसाचं नाव असलं, तर हात आवरा.