पश्चिमेची भिंत

मॉड एंडाकॉटच्या घराच्या भिंती माती आणि पेंढा तुडवून उभारलेल्या, चांगल्या दोन हात जाड. इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातल्या त्या गावात गव्हाच्या काडानं शाकारलेली अशी मोजकीच घरं उरली होती. लग्नानंतर मॉडचा खोकला काही केल्या जाईना, तेव्हा तिच्या नवऱ्यानं, रेजनं, ओल थांबावी म्हणून पश्चिमेच्या भिंतीचा जुना चुन्याचा गिलावा खरवडून काढला आणि स्वतःच्या हातानं सिमेंट लिंपलं. पुढं आल्यागेल्याला तो ती भिंत कौतुकानं दाखवायचा.

यंदा फेब्रुवारीत भिंत फुगली. रेज अर्धांगानं शेगडीजवळच्या खाटेवर पडून होता. मॉडनं पर्सी येलंड गवंड्याला बोलावलं. त्यानं सिमेंटचा एक पोपडा उचकटला. आतली माती लापशीसारखी ओघळली.

"चुन्यातून ओल बाहेर जाते, मॉड," तो हळू आवाजात म्हणाला. "सिमेंटनं ती इतकी वर्षं आतच कोंडली."

"टेकू देता येईल?"

"कशाला देऊ? आत भिंतच उरली नाही. रेजला आजच्या आज हलव."

आतून रेजनं विचारलं, "काय म्हणतोय गं तो? चहा विचारलास का?"

"छप्पर शाकारायला हवं म्हणतो."

"माझी भिंत दाखव त्याला. म्हणावं, बघ, जमेल का अशी."

पर्सी खाली मान घालून फाटकाबाहेर पडला. आपल्या खोकल्यापायी रेजनं जीव ओतून केलेलं काम घराच्या मुळावर आलं, हे मॉड कोणत्या तोंडानं सांगणार होती? छपराचं काम होईस्तोवर म्हणून तिनं त्याला शुश्रूषागृहात नेऊन ठेवलं.

रविवारी ती कपबशा बाहेर काढत असताना भिंत खाली बसली. फारसा आवाजही झाला नाही. छप्पर कलंडलं आणि वरच्या खोलीतला त्यांचा पलंग पावसात उघडा पडला.

दुसऱ्या दिवशी रेजनं विचारलं, "झालं का छप्पर?"

"होतंय."

"सावकाश करू दे. घर कुठं पळून जातंय? सफरचंदं फुलली की ने मला."

"नेईन," ती म्हणाली आणि त्याची उशी सारखी केली.

पर्सीच्या बायकोनं तिच्यासाठी एक खोली झाडून ठेवली होती. मॉड बसथांब्यावर येऊन बसली. गावाकडची बस आली, दार उघडून थांबली. ती उठली नाही.