एकवीस दिवसांचा दोरा

तानबा महाराजांच्या अंगणात त्या सोमवारी पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध अकरा वासरं, प्रत्येकाच्या गळ्यात काळा दोरा. महाराज हात उंचावून गरजले, "या दोऱ्याचं एकतरी वासरू मेलं का? सांगा!"

"नाई, महाराज!" गर्दी एका आवाजात म्हणाली.

आणि ते खरं होतं. पौष लागल्यापासून तळेगावच्या एका टोकाला गोठ्यागोठ्यात वासरं मरत होती. जन्मल्यापासून आठव्या-दहाव्या दिवशी पिवळी, पाण्यासारखी हगवण लागायची, डोळे खोल जायचे आणि दुसऱ्या सकाळी वासरू थंड. दोरा बांधलेलं मात्र एकही गेलं नव्हतं.

"पयल्या चिकावर गिऱ्हाची, त्या भुताची, नजर असते," महाराज सांगत होते. "वासराले पाजसान तर घात होईन. तीन दिवस चीक दरबारात आणा, वासराले दुसऱ्या गाईचं दूध पाजा. आन् एकवीस दिवसांच्या आत दोरा मांगू नका. कोवळ्या जिवाले मंत्र सोसत नाई!"

त्या चिकाचा खरवस दरबारात कोण खाई, हे विचारायची कोणाची छाती नव्हती.

गर्दीत अनुसयाबाई हात जोडून उभ्या होत्या. त्यांची दोन वासरं गेली होती. दोन्ही वेळा त्यांनी लोटाभर चीक मुकाट्याने दरबारात पोचवला होता. आता तिसरी गाय दिवसांवर होती.

बुधवारी सकाळी गाय व्याली. अनुसयाबाईंनी चीक काढला, लोट्यावर फडकं बांधलं. दारात त्यांची सून रक्षा आडवी आली. तिच्या हातात भिंतीवरचं कॅलेंडर होतं.

"आई, थांबा. गल्लीतलं कोणतं वासरू कधी झालं, कधी गेलं, मी लिहून ठेवलं हाय. पाहा. सारेच्या सारे पंधरा दिवसांच्या आत गेले. त्याच्यापुढं एकही नाई."

"मंग?"

"मंग महाराज दोरा कधी बांधते? एकवीस दिवसांनी. जे वाचलं, त्यालेच बांधते. जे मेलं, ते त्यायच्या अंगणात पोचतच नाई."

अनुसयाबाईंना एकदम आठवलं: महाराज शेजारच्या डोमाजीच्या गोठ्यातून, मरणाऱ्या वासरापासून उठून शेणाने भरलेल्या पायांनी थेट आपल्या गोठ्यात आले होते. त्याच हाताने त्यांनी आपल्या वासराच्या तोंडात अंगारा घातला होता. त्यानंतर पाचव्या दिवशी ते वासरू आडवं पडलं.

त्यांनी फडकं सोडलं, गोठ्यात परत जाऊन वासराला पोटभर चीक पाजला आणि त्याला इतर जनावरांपासून दूर, भाताच्या कोरड्या तणसावर ठेवलं.

चौथ्या दिवशी महाराज पाच-पन्नास माणसं घेऊन दारात आले. "चीक आला नाई, बाई. वासरू जाईन!"

"मंग आत्ताच बांधा दोरा," अनुसयाबाई म्हणाल्या. "चार दिवसांचं हाय. साऱ्यायसमोर बांधा."

"एकवीस दिवस..."

"मंत्र गिऱ्हाले भेत नाई, मंग चार दिवसांच्या वासराले काऊन भेते?"

कोणीतरी हसलं. महाराजांनी दोऱ्याची पिशवी काखेत मारली आणि शाप पुटपुटत पाठ फिरवली.

सातव्या दिवशी वासराला हगवण लागलीच. "पाहा, शाप!" गल्ली कुजबुजली. रक्षाने जनावरांच्या डॉक्टर मोहिनीताईंना बोलावलं. त्यांनी मीठ-साखरेचं पाणी दिवसातून चार-पाचदा पाजायला लावलं, दूधही चालू ठेवलं. दोन दिवस अनुसयाबाई गोठ्यातून हलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी वासरू उठून उभं राहिलं.

"हा आतड्यातला विषाणू आहे," जमलेल्यांना मोहिनीताई म्हणाल्या. "आजारी वासराच्या शेणातून पसरतो. माणसांच्या पायांनी, हातांनी, भांड्यांनी दुसऱ्या गोठ्यात जातो. नवजात वासराची ढाल एकच: जन्मल्यावर पहिल्या काही तासांतला चीक. तीच तुम्ही काढून दिलीत."

मागे उभा असलेला डोमाजी खाली बसला. त्याची चार गेली होती.

चमत्कार दाखवणारा वाचलेल्यांची रांग लावतो. माणसाने मेलेलेही मोजावेत, आणि मोजल्याशिवाय हात जोडू नयेत.