बोटाला सापडणारी बटणं

मित्रांनो, मी एक जुना सिलेक्टर आहे. नाव भारदस्त, पण जीव साबणाच्या डबीएवढा! आमच्या टीव्हीच्या पाठीला बाहेरच्या वायरी जोडायला एकच जागा होती आणि घरात यंत्रं तीन: केबलचा डबा, सीडी प्लेअर आणि नातीचा व्हिडिओ गेम. तिघांच्या वायरी माझ्यात यायच्या, माझी टीव्हीकडे जायची. ज्याचं बटण दाबाल, त्याचं चित्र. एक बटण आत गेलं की आधीचं खट्‌कन वर. एवढीच माझी विद्या.

दुकानात मी सगळ्यांत स्वस्त होतो. शेजारी पत्र्याच्या अंगाचा एक ऐटबाज डबा होता, पण आजोबांनी मलाच उचललं. जन्मभर शिवणकाम केलेला माणूस. चाचपून म्हणाले, "बटणं घट्ट आहेत. टिकेल." शिंप्याने बटणांची तारीफ केली, मित्रांनो! यापेक्षा मोठं बक्षीस काय हवं?

किती छान दिवस होते ते! सुट्टीच्या दुपारी पडदे ओढून सीडी लागायची. नात तोच सिनेमा पुन्हा पुन्हा बघायची आणि आजोबा दर वेळी नव्याने घाबरायचे. संध्याकाळी सात वाजले की "चला, सरकार बदललं!" म्हणत ते पहिलं बटण दाबायचे. गेम गायब, बातम्या हजर. नात पाय आपटायची.

आजोबांची नजर अधू होतेय, हे घरात सगळ्यांत आधी मला कळलं. पूर्वी ते वाकून बघायचे. आता बोट फिरवून मोजायचे. एक, दोन, तीन. ते कुणाला काही बोलले नाहीत. मीही नाही.

मग त्यांच्या मुलाने नवा, भलामोठा टीव्ही आणला. त्याला माझ्या वायरी बसेनात. माझ्या जागी आपोआप बदलणारा डबा आला. कुठलंही यंत्र सुरू झालं की हा टुणकन त्याच्याकडे! मी खालच्या फळीवर, वायरींच्या गुंत्यात.

एका संध्याकाळी नात गेम तसाच सुरू ठेवून बाहेर पळाली. आजोबा येऊन बसले. हाताने बदलायचं तर नव्या डब्याला एकच बारीक बटण. त्यांनी बराच वेळ चाचपलं, बोटाला काही लागेना. शेवटी हात मांडीवर ठेवून गेमचंच संगीत ऐकत बसले. अर्ध्या तासाने सूनबाई आल्या.

"बाबा, हे काय ऐकताय?"

"बातम्याच की. आज नुसती वाजंत्रीच लावलीय मेल्यांनी."

सूनबाई हसल्या आणि मग त्यांच्याजवळ खाली बसल्या. "दिसत नाही का हो तुम्हाला?"

"दिसतं गं थोडंथोडं. पण रोज कुणाकुणाला हाका मारू? आधी माझं मी लावत होतो."

दुसऱ्याच दिवशी सूनबाईंनी मला पिशवीत टाकून दुकान गाठलं. दुकानदाराने तीन डबे मांडले.

"ताई, हा रिमोटवाला न्या. जागचं उठायला नको."

"आमच्याकडे रिमोट कायम गादीखाली असतो, भाऊ."

"मग हा आपोआपवाला. फार हुशार आहे!"

"तसला एक हुशार आहे घरी. मला सांगितलेलं ऐकणारा हवाय. ह्याच्यासारखा." त्यांनी मला पुढे ठेवलं.

"अहो, हा तर संग्रहालयात ठेवायचा!"

सूनबाईंनी डोळे मिटले आणि एकेका डब्यावरून बोट फिरवलं. तिसरा सगळ्यांत स्वस्त, पण त्याला ओळीने ठसठशीत बटणं होती. "हाच द्या."

खोटं कशाला बोलू? मला वाटलं होतं, मलाच पुन्हा कामाला लावतील.

त्या संध्याकाळी आजोबांनी नव्या डब्यावरून बोट फिरवलं. "एक," ते पुटपुटले. बातम्या लागल्या.

"बाबा, आवाज जरा कमी करा!" सूनबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या.

"नाही करणार!" आजोबा ऐटीत म्हणाले. फळीवर पडल्या पडल्या माझं सगळं दुःख पळालं.

म्हणून सांगतो, मित्रांनो, नवी वस्तू खुशाल आणा. पण आणण्याआधी घरातल्या सगळ्यांत थकलेल्या हाताला ती झेपेल का, ते बघा. आणि आम्हा जुन्यांच्या वायरी काढताना हिसका देऊ नका. हळूच काढा. इतकी वर्षं धरून ठेवलेलं सुटायला थोडा वेळ लागतो.