शेंदराखालची ओळ

तापीकाठच्या प्रकाशा गावात भूपेंद्रच्या ऑनलाइन फॉर्मच्या दुकानाबाहेर चपलांचा ढीग पडला होता. आत सर्व्हरनाथ महाराज विराजमान होते, म्हणून लोक अनवाणी फॉर्म भरत होते. मी पेन्शनर, मी जिवंत असल्याचा दाखला पोर्टलवर चढवायला आलो होतो. चपला मीही काढल्या, पण नाक मुरडून.

कागदाचा फोटो पोर्टलच्या साठवणीत गेला नाही, की पडद्यावर मोठा आकडा यायचा. महाराज लगेच त्याच्याखाली शेंदराचा जाड पट्टा ओढून डोळे मिटायचे.

"पाचशे तीन! सर्व्हरदेव ध्यानस्थ आहेत. पिंपळाला फेऱ्या मार!"

फॉर्म भरायला आलेला रतिलाल धापा टाकत फेऱ्या मारून आला, बटण दाबलं आणि कागद गेला. जयजयकार झाला.

"चारशे एक! ग्रहांनी दार लावलंय. तापीवर पाय धुऊन ये!"

माणूस तापीवर गेला, की भूपेंद्र खाली मान घालून कीबोर्डवर काहीतरी टपटप करायचा. माणूस परतेपर्यंत ग्रहांनी दार उघडलेलं असायचं.

मग दोधूआप्पांच्या चेतनाचा नंबर लागला. नर्सिंगच्या प्रवेशाचा फॉर्म होता, शेवटचा दिवस, पाचला पोर्टल बंद. चेतनानं नव्या मोबाइलनं जातीच्या दाखल्याचा चांगला मोठा, झकपक फोटो काढला होता. बटण दाबलं. आकडा आला, चारशे तेरा. शेंदूर लागला.

महाराज थरथरले. "तेरा! तेराव्याचा आकडा! पूर्वज फाइलीवर बसलेत. मुलगी शिकायला घराबाहेर गेली, तर घर बसेल. येत्या अमावस्येला शांत करू."

"महाराज, पोर्टल आज पाचला बंद होतंय," भूपेंद्र पुटपुटला.

"पूर्वज पोर्टल बघत नाहीत!"

दोधूआप्पांचा चेहरा उतरला. आधीच पोरीला लांब पाठवायला त्यांचं मन धजत नव्हतं. "चाल पोरी घर. देवनं मन नई शे."

चेतनाच्या डोळ्यांत पाणी आलं. मला असा राग आला, की मी जिवंत आहे हे कुणीही दाखल्याविना ओळखलं असतं.

"आप्पा, माले एक डाव वाचू तर दे," ती म्हणाली आणि ओढणीचं टोक ओलं करून तिनं शेंदूर पुसला.

महाराज किंचाळले, "पाप! पाप!"

शेंदराखाली इंग्रजीत एक बारीक ओळ होती. चेतनानं ती मराठीत सांगितली. "फाइल फार मोठी आहे. एक एमबीच्या आत पाठवा."

"हे पूर्वजांचंच लिखाण आहे!"

"मन्हा आजाले सही करता येत नव्हती, महाराज. इंग्रजी कव्हय शिकना?"

दुकान हसलं. चेतनानं त्याच मोबाइलनं महाराजांचा फोटो काढला आणि तोच पोर्टलवर पाठवून पाहिला. पडद्यावर चारशे तेरा!

रतिलालनं हात जोडले. "महाराज, तुमनं तेरावं कव्हय शे? जेवाले कव्हय येऊत?"

महाराज आपल्या चपला शोधू लागले. भूपेंद्रला घाम फुटला आणि तो भडाभडा बोलला. पाचनं सुरू होणारा आकडा म्हणजे तिकडचं यंत्र अडलंय, जरा थांबून पुन्हा पाठवायचं. रतिलालच्या फेऱ्यांत तेवढा वेळ गेला. चारनं सुरू होणारा म्हणजे बहुतेक आपल्याच पाठवण्यात खोट. चारशे एकला लॉगिन संपलेलं असतं, ते तो गुपचूप पुन्हा करायचा. काय खोट आहे ते खालच्या ओळीत बहुधा लिहिलेलंच असतं. शेंदूर नेमका तिथेच लागायचा.

चेतनानं फोटो लहान केला आणि बटण दाबलं. दोनशे एक. खाली ओळ होती, "फाइल जमा झाली." पाच वाजायचे होते.

दोधूआप्पा पडद्याजवळ गेले. मग त्यांनी खांद्यावरच्या उपरण्यानं उरलेला शेंदूर स्वतः पुसून काढला.

माझं सगळ्यांना एवढंच सांगणं आहे. यंत्र नाही म्हणतं, तेव्हा कारणही सांगतं. ते वाचा. वाचता येत नसेल, तर वाचता येणाऱ्याला विचारा. डोळे मिटणाऱ्याला नको.

चेतना आता नर्सिंगला आहे. परवा दोधूआप्पांकडे शेजारच्या मीनाबाई मोबाइल घेऊन घाबऱ्याघुबऱ्या आल्या. "आप्पा, चारशे चार उनं वं माय! कोन्ही करणी करी का?"

दोधूआप्पांनी चष्मा चढवला. "पहिले खालनी ओळ वाचा. नई समजनं ते मन्ही पोरले फोन लावा."