न उच्चारायचा आकडा

"देव एकच आहे, तर त्याला करमतं कसं?"

हा प्रश्न माझ्या डोक्यातला नाही, हे आधीच सांगून टाकते. शाळेतल्या मैत्रिणींनी मधल्या सुट्टीत पैज लावली होती, की शपथेच्या वर्गात हे विचारून दाखव, नाहीतर आठवडाभर आमची दप्तरं उचल.

आमच्यात देवाची मूर्ती नसते, चित्र नसतं. आणि कामावर किंवा प्रार्थनाघरात वस्तू मोजताना 'एक' म्हणत नाहीत. पहिल्या वस्तूवर हात ठेवायचा, गप्प राहायचं आणि मग 'दोन'पासून सुरुवात करायची. तो आकडा त्याच्यासाठी राखलेला. सोळावं लागलं की प्रार्थनाघरात सगळ्यांसमोर उभं राहून 'देव एक आहे' असं मोठ्याने म्हणायचं, हीच शपथ. ती झाली की तुम्ही मोठे. हे सगळं मी मैत्रिणींना सांगून बसले, तेव्हापासून त्यांनी माझा पार भुगा केलाय. दुपारी घड्याळात एकचा ठोका पडला की तुमच्या घरी सगळे तोंडावर बोट ठेवतात का, असं त्यांच्यातली चष्मेवाली रोज विचारते. मागच्या वर्षीची मी असते तर बाथरूममध्ये जाऊन रडले असते. यंदा मला उलट चेव चढतो. म्हणून विचारलं.

शपथेचा वर्ग घेणाऱ्या बाई निवृत्त नर्स आहेत. आमच्या गल्लीतल्या निम्म्या पोरांना त्यांनीच टोचलंय, म्हणून पाठीमागे त्यांचं नाव सुई. मला वाटलं होतं, सुई आता फणकारेल, मग मी काहीतरी झकास उत्तर देईन आणि ते उद्या शाळेत रंगवून सांगेन. उत्तर तयारही होतं.

सुईने चष्मा काढून मांडीवर ठेवला. "मला नाही माहीत," ती म्हणाली. "पण रात्रपाळीला असायचे ना, वॉर्डात सगळे झोपलेले, तेव्हा वाटायचं की तोही जागाच असणार. मग मी त्याच्याशी बोलत बसायचे. मागायला नाही गं. त्याला सोबत म्हणून."

मागच्या बाकावरचे दोघे फिसकन हसले. मीही हसायला तोंड उघडलं होतं, पण हसू आलंच नाही.

पैज जिंकले, आणि तरी डोक्यात भुंगा शिरला. मी आजवर देवाशी जे काही बोलले, ते सगळं मागणंच होतं. पेपर सोपा येऊ दे. कपाळावरची पुटकुळी जाऊ दे. दादाला माझा चार्जर सापडू नये. त्या दिवशी खोलीचं दार लावून मी पलंगावर मांडी घालून बसले आणि म्हटलं, कसा आहेस? इतकं ओशाळल्यासारखं झालं, की विचारू नका. पुढचं वाक्य सुचेना. शेवटी जे सुचलं ते काय, तर 'रविवारी बोलताना मी अडखळू नये, तेवढं बघ.' म्हणजे पुन्हा मागणंच. उठले, येरझाऱ्या घातल्या, पुन्हा बसले, पुन्हा उठले. आईने खालून विचारलं, वर काय घोडे पळवतेयस का.

शनिवारी बाबांच्या कारखान्यात गेले. कारखाना म्हणजे घराच्या मागची शेड. बाबा लाकडी स्टुलं बनवतात. भुसा, फेव्हिकॉलचा वास, दारात टेम्पो उभा. उद्या शपथ आहेच, तर आज मोजणी तू कर, असं बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजातला आनंद लपत नव्हता. कित्येक वर्षं मी याच मोजणीसाठी हटून बसायचे, आणि ते म्हणायचे, मोठी हो आधी.

ते स्टूल उचलून टेम्पोत चढवणार, मी हात लावून मोजणार. मी पहिल्या स्टुलावर हात ठेवला, डोक्यात सुईचं ते वाक्य गरगरत होतं, आणि तोंडातून खणखणीत निघालं, "एक."

बाबांचे हात जागच्या जागी थांबले. ते रागावले नाहीत. उचललेलं स्टूल त्यांनी खाली घेतलं, होतं तिथे ठेवलं, आणि "पुन्हा," एवढंच म्हणाले.

मी पुन्हा हात ठेवला. गप्प राहिले. या वेळी मी बाबांकडे बघत होते. त्यांनी मान खाली घातली होती, डोळे मिटले होते. आणि मला राहवलं नाही. मी विचारलं, "बाबा, असं गप्प राहताना तुम्ही मनात काय म्हणता?"

ते गोंधळले. दुसरा कुणी असता तर त्याने काहीतरी थोर सांगितलं असतं. बाबांना खोटं जमत नाही.

"पुढे दोन म्हणायचंय, हे लक्षात ठेवतो," ते म्हणाले.

मी घरात धावले. आई माझा उद्याचा ड्रेस इस्त्री करत होती. तिला विचारलं, तुझ्या शपथेच्या वेळी तुझ्या मनात काय होतं? ती म्हणाली, नवीन चप्पल चावत होती, कधी एकदा खाली बसते असं झालं होतं. आणि स्वतःच हसली. मग माझं तोंड बघून हसायची थांबली. का विचारतेस, म्हणाली.

संध्याकाळपर्यंत माझे पाय एका जागी ठरले नाहीत. गच्चीवर गेले, खाली आले, फ्रिज उघडला, बंद केला. उद्या ते वाक्य म्हणणं किती सोपं होतं. तीन शब्द. माझा आवाज मोठा आहे, मागच्या ओळीपर्यंत गेला असता, सगळ्यांनी पाठ थोपटली असती, आणि मी आतून चपलेचाच विचार करत उभी राहिले असते. नंतर कधी खरंच त्याच्याशी बोलावंसं वाटलं असतं, तर कुठल्या तोंडाने बोलले असते?

जेवताना मी पाण्याचा पेला बाजूला सारला आणि उभी राहिले. आईला वाटलं, मी वाक्याचा सराव करतेय. तिने दादाला गप्प केलं.

"मी उद्या शपथ घेणार नाहीये," मी म्हटलं. "देव नाही असं माझं म्हणणं नाही. पण माझी त्याच्याशी ओळखच नाही अजून, आणि ओळख नसलेल्याबद्दल मी चारचौघांत छातीठोक सांगू शकत नाही. मला वेळ लागेल, किती ते माहीत नाही. बाबा, मान खाली घालू नका, तुमच्यामुळे नाही हे. आत्या शपथेसाठी यायला निघणार आहे ना, ती गाडीत बसायच्या आत तिला मीच फोन करते."