डिकीवर ठेवलेला हात

"चार ओहम! वाचा, चारच आहे ना?" आमचे हे हातातलं मीटर गिऱ्हाइकाच्या नाकासमोर नाचवत ओरडले.

गिऱ्हाईक म्हणजे दातांचे डॉक्टर. दिवसभर ड्रिलची किर्रकिर्र ऐकून त्यांचं डोकं उठायचं आणि घरी जाताना त्यांना पोटात घुमणारं काहीतरी हवं होतं. म्हणून गाडीच्या डिकीत खालचा घुमारा काढणारे दोन भलेमोठे सबवूफर, आणि ते चालवायला एक बेताचा ॲम्प्लिफायर.

"पण माझा मेव्हणा म्हणतो, सबवूफरच्या सगळ्या कॉइल सरळ एकत्र जोडा, एक ओहम होतो. ॲम्प जास्त ताकद देतो."

"देतो की! आठवडाभर ताकद देतो, मग धूर देतो. ओहम कमी तेवढा भार जास्त, आणि हा ॲम्प चारच्या खाली टिकत नाही. मेव्हण्याचे दात तुम्ही बघा, तारा मला बघू द्या."

तीस वर्षांत ह्यांनी जोडलेला एकही ॲम्प जळून परत आलेला नाही. मात्र त्याच तीस वर्षांनी ह्यांचे कान खाल्ले. खालचा घुमारा ह्यांना अजून कळतो. डिकीच्या पत्र्यावर तळहात ठेवला की झालं. पण आवाज स्वच्छ आहे की फाटतोय, हे काही हाताला कळत नाही. ते मी सांगते. सांगते म्हणजे काय, गिऱ्हाइकाच्या मागे उभी राहते. पुसायचं फडकं उजव्या खांद्यावर टाकलं तर स्वच्छ, डाव्या खांद्यावर टाकलं तर फाटतोय. तीन वर्षं हे चाललंय आणि या विषयावर आम्ही नवराबायको एक अक्षर बोललेलो नाही. विचारलंच कुणी, तर हे म्हणतील, "हिला एका जागी फडकं ठेवता येत नाही."

त्या दिवशी सकाळीच आमची जुंपली होती. मी म्हटलं, कानाचं मशीन घ्या. हे म्हणाले, "कानात मशीन घातलेल्या माणसाकडे गाडीत गाणी बसवायला कोण येईल? दुकान बंद पाडायचंय का माझं?" मग मीही हट्टाला पेटले. फडकं घडी करून खणात टाकलं आणि हाताची घडी घालून उभी राहिले.

गाणं सुरू झालं. ह्यांनी एक हात डिकीवर ठेवला आणि दुसऱ्या हाताने ॲम्पचा जोर वाढवणारा गेनचा स्क्रू फिरवला. काच थरथरली. डॉक्टर खूश होऊन म्हणाले, "वा!" पण आवाज चांगलाच फाटत होता. हे असंच राहिलं तर महिन्याभरात दोन्ही सबवूफर जळणार, हे मलासुद्धा कळत होतं.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. आधी उजवा खांदा, मग डावा. मी भिंतीकडे बघत राहिले. पुन्हा पाहिलं तेव्हा ह्यांचा चेहरा अगदी केविलवाणा झाला होता. खण उघडायला मी वळलेच.

तेवढ्यात हे म्हणाले, "डॉक्टर, मला ऐकू येत नाही!"

आणि म्हणाले तेही इतक्या मोठ्याने, की समोरचा शिंपी मशीन थांबवून दारात आला.

"खालचं हाताला कळतं, बाकीचं नाही. आवाज फाटत असेल तर तुमचा माल जळेल. नीट ऐका आणि मला सांगा."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी गाणं पुन्हा लावलं आणि डोळे मिटून डिकीत डोकं घातलं. "खरखरतंय खरं. अक्कलदाढ काढताना येतो तसा आवाज आहे. थोडं कमी करा... अजून... हां, आता स्वच्छ." हे त्यांच्या ओठांकडे बघत स्क्रू केसभर केसभर मागे घेत होते.

गाडी निघाली तेव्हा हे दुकानाच्या पायरीवर उभे होते. मी शेजारी जाऊन उभी राहिले.

"वाजतंय?" ह्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

गाडी कोपऱ्यावर वळली. आवाज विरत विरत गेला आणि रस्त्यावर फक्त शिंप्याच्या मशीनची टकटक उरली.

"अजून?"

"अजून," मी मोठ्याने म्हटलं.